एअर पिस्तुलाची निवड : पहिल्या दहा छर्‍यांवर भिस्त नको

नवी दिल्ली : टोकियो ऑलिम्पिकमध्ये जुलै २०२१ मध्ये १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुण मिळवूनही तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पॅरिसमध्ये २०२४ साली तिने याच प्रकारात कांस्यपदक मिळवले. पिस्तूल पारखून घेणे किती महत्त्वाचे, हे टोकियोतील प्रसंगाने दाखवून दिले.

स्पर्धेच्या नियमांनुसार छर्‍याचा व्यास ४.५ मिलिमीटर, पिस्तुलाचे वजन कमाल १५०० ग्रॅम आणि चाप ओढण्यास लागणारा भार किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. या मर्यादेत बसणारी पिस्तुले अनेक असल्याने खरी निवड रेंजवरच होते.

पहिली कसोटी मुठीची. डोळे मिटून हात नेमावर उचलावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत मधोमध दिसत नसेल, तर मूठ हाताला जुळलेली नसते. दुसरी कसोटी चापाची. तो प्रत्येक वेळी एकाच जागी, धक्का न देता सुटायला हवा. तिसरी कसोटी तोलाची. नळीकडचे वजन हात स्थिर ठेवते, पण खांदा लवकर थकवते.

पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० छर्रे झाडायचे असतात. त्यामुळे प्रत्येक पिस्तूल एकाच प्रकारच्या छर्‍यांनी पूर्ण फेरीभर चालवून पाहावे. सुटे भाग व दुरुस्ती कोठे मिळेल, याचीही खात्री खरेदीपूर्वीच करून घ्यावी.