फिल्टर कार्डात, हुकूम सीक्वेन्सरचा

१९९४ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई३२ हे साउंड कार्ड बाजारात आणलं. आदल्याच वर्षी कंपनीने कॅलिफोर्नियातली ई-म्यू सिस्टिम्स विकत घेतली होती. ई-म्यूचे सॅम्पलर तोवर मोठ्या स्टुडिओंमध्ये नाव कमावून होते आणि त्यांच्याच घराण्यातली ईएमयू८००० ही चिप या कार्डावर बसली. एका वेळी ३२ व्हॉइस, म्हणजे ३२ स्वतंत्र ध्वनी, वाजवणाऱ्या या चिपमध्ये प्रत्येक व्हॉइसला स्वतःचा लो-पास फिल्टर, म्हणजे कटऑफ नावाच्या मर्यादेवरची कंपनं छाटणारा फिल्टर, होता, तोही रेझोनन्ससकट, म्हणजे त्या मर्यादेजवळची कंपनं उठावदार करण्याच्या सोयीसकट. केकवॉकसारख्या सीक्वेन्सरमध्ये घरबसल्या गाणी रचणाऱ्यांना बंद, घुसमटलेला ध्वनी हळूहळू उघडत नेण्याची सोय पहिल्यांदाच इतक्या स्वस्तात मिळाली. सोय होती, पण ती वापरायची कशी हे भल्याभल्यांना उमगत नव्हतं. त्या गोंधळातून रुजलेले समज सॉफ्टवेअर सिंथच्या जमान्यातही भेटतात.

गैरसमज : फिल्टर सीक्वेन्सर लावतो.

वस्तुस्थिती : सीक्वेन्सरच्या मिडी ट्रॅकमध्ये ध्वनी नसतोच. कोणता स्वर, कधी, किती जोरात, अशा सूचनांची ती यादी असते. १९८३ मध्ये आलेल्या मिडीच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, तर सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ ध्वनीला सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात, म्हणजे सुमारे ४५ पट. एवढ्याशा वाटेने सूचनाच जाऊ शकतात. कार्डावरच्या सिंथला केबल लागत नाही, पण भाषा तीच. ‘कटऑफ खाली घे’ एवढंच सीक्वेन्सर सांगतो. घ्यायचा की नाही, किती घ्यायचा आणि कोणत्या क्षणी, हे कार्ड ठरवतं. पुढचे बहुतेक गैरसमज ही वाटणी लक्षात न आल्यामुळे होतात.

गैरसमज : फिल्टर म्हणजे अँप्लिफायरवरच्या ट्रेबलचंच दुसरं नाव.

वस्तुस्थिती : ट्रेबलचा नॉब तयार झालेल्या संपूर्ण मिश्रणावर चालतो. सिंथचा फिल्टर त्याच्या कितीतरी आधी, एकेका व्हॉइसवर काम करतो. व्हायोलिनच्या तीन स्वरांचा कॉर्ड मागेपुढे छेडला, तर एका स्वराचा फिल्टर उघडून परत मिटत आलेला असतो, दुसऱ्याचा पुरता उघडा असतो आणि तिसऱ्याचा नुकता उघडू लागलेला असतो, कारण प्रत्येकाचा एन्व्हलप, म्हणजे वेळेनुसार ही उघडझाप ठरवणारा आराखडा, आपापल्या वेळेला सुरू होतो. सीक्वेन्सरची सूचना त्या चॅनेलवरच्या सगळ्या स्वरांना लागू होते, पण प्रत्येकाची ही उघडझाप शाबूत राहते.

हे वैभव सगळ्या चिपना नव्हतं. १९८२ च्या कमोडोर ६४ मधल्या प्रसिद्ध सिड चिपमध्ये तीन व्हॉइस मिळून एकच फिल्टर होता. बेससाठी तो बंद करत आणला की त्यातूनच जाणारी मुख्य धूनही बंद होत जाई.

गैरसमज : फिल्टरचा तो वळसेदार ध्वनी संगणकावरच्या सीक्वेन्सरमधून जन्मला.

वस्तुस्थिती : त्याचा सर्वांत गाजलेला नमुना हाताने घडला. रोलँडचं टीबी-३०३ हे बेस-यंत्र १९८१ चं, मिडीच्याही आधीचं. त्याच्या अंगच्या सीक्वेन्सरमध्ये स्वर, त्यावरचा आघात आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची खूण एवढंच नोंदवता येई. कटऑफ आणि रेझोनन्सचे नॉब वाजवणाऱ्यानेच फिरवायचे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेले मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच यंत्रावर, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ यांच्या जोडीने, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका १९८७ ची. सीक्वेन्सरने नंतर जे दिलं ते वेगळं होतं : नॉबची तीच हालचाल लिहून ठेवण्याची आणि दर वेळी तंतोतंत तशीच करवून घेण्याची सोय.

गैरसमज : कटऑफ म्हणजे कंट्रोलर ७४, मग कार्ड कोणतंही असो.

वस्तुस्थिती : यंत्रांमध्ये एकसारखेपणा आणणाऱ्या जनरल मिडीच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीने फिल्टरसाठी कोणताही कंट्रोलर, म्हणजे क्रमांक दिलेली मिडी सूचना, ठरवून दिला नव्हता. ७४ ला उजळपणाचा आणि ७१ ला रेझोनन्सचा अर्थ यामाहाच्या एक्सजी पद्धतीत होता, आणि तो जनरल मिडीत आला १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत. तोवर प्रत्येक उत्पादक एनआरपीएन या मोकळ्या सोडलेल्या क्रमांकांत आपापली सोय करत होता. त्यांचा अर्थ काय घ्यायचा हे मिडीच्या प्रमाणानेच उत्पादकावर सोपवलं आहे.

एनआरपीएनमध्ये कंट्रोलर ९९ आणि ९८ मिळून एक क्रमांक बनतो. रोलँडच्या जीएस पद्धतीच्या यंत्रांवर ९९ ला १ आणि ९८ ला ३२ दिले की कटऑफ, ३३ दिले की रेझोनन्स. एडब्ल्यूई३२ वर ९९ ला १२७ द्यायचे, मग ९८ ला २१ म्हणजे कटऑफ आणि २२ म्हणजे रेझोनन्स. साउंडफाँट २.०१ या ध्वनिसंचांच्या पद्धतीत तिसराच पत्ता : ९९ ला १२०, ९८ ला ८. एकासाठी लिहिलेली सूचना दुसऱ्याने न समजून सोडून दिली, तर त्याला बिघाड म्हणता येणार नाही.

गैरसमज : आकडे बरोबर असले की क्रम कसाही चालतो.

वस्तुस्थिती : एनआरपीएनमध्ये ९९ आणि ९८ म्हणजे पाकिटावरचा पत्ता आणि कंट्रोलर ६ म्हणजे आतलं पत्र. पत्ता आधी पोचला पाहिजे. एकदा तो पोचला की पुढच्या प्रत्येक बदलाला नुसता ६ पुरतो, त्यामुळे फिल्टरची लांबलचक वळणं लिहिताना दोन-तृतीयांश संदेश वाचतात.

मात्र हाच ६ पिचबेंडची मर्यादा ठरवायलाही वापरला जातो. तिथे पत्ता १०१ आणि १०० या कंट्रोलरनी द्यायचा असतो. गाण्याच्या मध्येच कुणी बेंडची मर्यादा बदलली आणि ९९-९८ पुन्हा न पाठवता कटऑफचे ६ सुरू ठेवले, तर ते सगळे बेंडच्या खात्यावर जमा होतात. लक्षणं ठरलेली : फिल्टर ढिम्म हलत नाही आणि पिचबेंड मात्र भलतीकडे जातो.

दुसरी अडचण वेळेची. ९९, ९८ आणि ६ हे तिन्ही संदेश एकाच टिकवर, म्हणजे सीक्वेन्सरच्या वेळेच्या सर्वांत लहान मापावर, ठेवले तर काही सीक्वेन्सर त्यांचा क्रम बदलू शकतात. म्हणून ते एकेक टिक मागेपुढे ठेवणं बरं. मात्रेला १२० टिक आणि मिनिटाला १२० मात्रा धरल्या, तर एक टिक चार मिलिसेकंदांच्या जरा वर जाते. एवढा फरक कानाला कळत नाही.

गैरसमज : ० ते १२७ या पट्टीचा अर्थ सगळीकडे सारखा.

वस्तुस्थिती : रोलँडवर ६४ म्हणजे ‘मूळ ध्वनीत आहे तसंच राहू दे’. त्याखाली कटऑफ उतरतो, वर चढतो. एडब्ल्यूई३२ वर मात्र हीच पट्टी सुमारे १०० ते ८,००० हर्ट्झची, ६२ हर्ट्झच्या समान पायऱ्यांची. तिथे ६४ म्हणजे चार हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ध्वनीवर चांगलीच कात्री.

समान पायऱ्या कानाला समान वाटत नाहीत, हेही इथेच कळतं. तळाची पहिली पायरी १०० वरून १६२ हर्ट्झवर नेते. स्वरांच्या मोजमापात ही उडी षड्जावरून थेट कोमल धैवताच्याही किंचित पुढे जाते. शेवटची पायरी मात्र एका अर्धस्वराच्या सातव्या भागाइतकीच. त्यामुळे सीक्वेन्सरमध्ये सरळ रेष ओढली की फिल्टर सुरुवातीला धाडकन उघडतो आणि मग अडकून बसल्यासारखा वाटतो. तळाशी संथ आणि वर जाताना वेग घेणारी वक्र रेषा काढली की उघडणं कानाला एकसंध लागतं.

गैरसमज : कटऑफसारखा रेझोनन्सही चालू स्वरात फिरवता येतो.

वस्तुस्थिती : एडब्ल्यूई३२ वर कटऑफची सूचना वाजत असलेल्या स्वरालाही लागू होते, रेझोनन्सची पुढच्या स्वरापासून. शिवाय रेझोनन्सच्या १२८ आकड्यांमागे प्रत्यक्षात १६ पायऱ्याच आहेत. लांब स्वरावर रेझोनन्स हळूहळू वाढवत नेणारी देखणी रेष पडद्यावर दिसते, कानाला काहीच ऐकू येत नाही. इथे रेझोनन्स स्वराच्या आधी पाठवायचा आणि स्वर चालू असताना कटऑफ हलवायचा, हीच रीत उपयोगी पडते.

गैरसमज : कार्डात फिल्टर आहे, म्हणजे त्यातल्या प्रत्येक ध्वनीवर तो चालणार.

वस्तुस्थिती : एडब्ल्यूई३२ वर ईएमयू८००० च्या शेजारी यामाहाची ओपीएल३ ही एफएम चिपही होती आणि सीक्वेन्सरला ही दोन वेगळी मिडी आउटपुट दिसत. एफएममध्ये ध्वनीचा उजळपणा एका ऑसिलेटरने दुसऱ्याला किती ढवळावं यावर ठरतो. ओपीएल३ मध्ये फिल्टर नाहीच. ट्रॅक चुकून त्या आउटपुटला जोडला गेला असेल, तर बिनचूक एनआरपीएनही निष्फळ. आउटपुट बरोबर असूनही कटऑफ वाढवताना फरक पडत नसेल, तर त्या ध्वनीचा फिल्टर बहुधा आधीच पूर्ण उघडा असतो. लो-पास फिल्टर उच्च कंपनं काढून टाकतो. सॅम्पलमध्ये नसलेली चमक तो घालू शकत नाही.

गैरसमज : गाणं थांबवलं की फिल्टर आपोआप मूळ जागी येतो.

वस्तुस्थिती : कार्डाला गाणं कधी संपलं हे माहीत नसतं. चॅनेलवर शेवटचा कटऑफ २० आला असेल, तर पुढच्या गाण्याची सुरुवातही त्याच घुसमटलेल्या ध्वनीत होऊ शकते. मधूनच प्ले केलं आणि सीक्वेन्सरने मागचे कंट्रोलर शोधून पाठवले नाहीत, तर उलटाही प्रकार घडतो : फिल्टर बंद असायला हवा तिथे तो सताड उघडा असतो. म्हणून अनुभवी मंडळी पहिल्या स्वराआधी एक माप रिकामं सोडतात. त्यात फिल्टर वापरणाऱ्या प्रत्येक चॅनेलसाठी आधी ९९ आणि ९८, मग ६ मध्ये सुरुवातीचा कटऑफ, आणि पुन्हा तसाच रेझोनन्स लिहून ठेवतात.