तांब्यावरील मखमल



तांब्याची पट्टी हवेंत खूप तापविली म्हणजे काळी पडते, हें शाळेंत आपण सर्वांनींच पाहिलें आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं वर्गांत हा प्रयोग करीत असतां एका मुलीनें मला विचारलें, "गुरुजी, हा थर मखमलीसारखा कां दिसतो?" मीं तो डोळ्यांचा भास ठरविला व तिला खालीं बसविलें. चूक माझी होती, आणि ती मला फार उशिरां कळली.

२००२ सालीं जियांग, हेरिक्स व शिया या तिघा संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, तांबें हवेंत सुमारें ४०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलें तर त्यावर तांब्याच्या काळ्या भस्माचे, म्हणजे ऑक्साइडचे, केस उगवतात. त्यांची जाडी ३० ते १०० नॅनोमीटर, लांबी १५ मायक्रोमीटरपर्यंत. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरील केस या लवेपुढें ओंडक्यासारखा!

हे केस उगवतात कसे? तांब्यावर प्रथम तांबड्या ऑक्साइडचा थर बसतो, त्यावर काळ्याचा. आंतील तांब्याचे कण प्राणवायूकडे ओढ घेतात. धातूप्रमाणें हे थरही बारीक स्फटिककणांचे बनलेले असतात, आणि त्या कणांमधील सांधे हीच वर येण्याची सोपी वाट. थरांमध्यें ताण सांचतो, तांबें त्या सांध्यांतून वर रेटलें जातें, व टोंकाशीं प्राणवायु भेटतांच केस वाढूं लागतो, असें बहुतेक संशोधक मानतात.

येथें लेसरचा संबंध येतो. १९६० सालीं मेमन यांनीं पहिला लेसर चालवून दाखविला. आज त्याचे अब्जांश सेकंद टिकणारे झोत धातूवर फिरवितां येतात. झोत पडतांच पृष्ठभाग वितळतो व क्षणांत पुन्हां गोठतो. त्यावर चर पडतात आणि स्फटिककणांची ठेवण बदलते. अशी पट्टी मग भट्टींत ठेवली असतां नांगरलेल्या व पडीक जमिनींत जसें पीक सारखें येत नाहीं, तशी ही लवही सर्वत्र सारखी येत नाहीं. म्हणून ती कोठें यावी, याची आखणी करणें शक्य होतें. जस्ताच्या ऑक्साइडच्या कांड्या तर नव्वदएक अंशांच्या पाण्यांतही वाढवितां येतात. तेथें भट्टीचें कामच नाहीं.

एवढा खटाटोप कशासाठीं? वजनाच्या मानानें या लवेचा पृष्ठभाग अतोनात मोठा असतो. कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायु तिला लागला कीं तिचा विद्युत्‌रोध वाढतो, व त्यावरून धोक्याची सूचना देणारें साधन बनवितां येतें.

अडचण एकच, पण हट्टी आहे. निवतांना धातु व ऑक्साइड सारखे आक्रसत नाहींत. म्हणून थर खपलीसारखा सुटून येतो, आणि त्याबरोबर सारें पीकही. लेसरनें खडबडीत केलेल्या भूमीवर त्याला पकड अधिक मिळेल, अशी अपेक्षा असते. माझ्या वर्गांतली ती मखमलही अशीच गळाली होती. टेबलावर काळा चुरा पडला, आणि तो मीं फडक्यानें पुसून टाकला.