आखाड्यातला मल्ल कचेरीच्या वाटेवर

अमेरिकेतील डेट्रॉईट शहराच्या मध्यातून निघून वायव्येस पाँटियाक गावापर्यंत जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू हा रस्ता मोटारींच्या इतिहासात मोठ्या मानाचा आहे. १९०९ साली त्याच्या एका मैलावर काँक्रीट घालण्यात आले, तेव्हा ती अपूर्वाईची गोष्ट होती. पुढे १९६० नंतरच्या दशकात शनिवारी रात्री याच रस्त्यावर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत तरुणांच्या चोरट्या शर्यती लागत. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये त्या दिवसांच्या स्मरणार्थ येथे जुन्या मोटारींची जत्रा भरते. चकचकीत रंग दिलेल्या, कापडाने पुसपुसून जपलेल्या गाड्या पाहावयास लाखो लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात.

परंतु या गाड्यांची खरी ओळख जत्रेत होत नाही. ती होते आठवड्यातल्या एखाद्या साध्या सकाळी, आठच्या सुमारास. शाळेच्या पिवळ्या बसमागे गाड्यांची रांग लागलेली असते आणि त्या रांगेत एखादी मस्टँग किंवा चॅलेंजर उभी असते. आत बसलेला गृहस्थ कचेरीला निघालेला असतो. शेजारच्या आसनावर त्याचा जेवणाचा डबा आणि कागदपत्रांची पिशवी असते. चारशेऐंशी घोड्यांचे बळ असलेले ते एंजिन त्या क्षणी काहीच करीत नसते. केवळ गुरगुरत असते.

‘मसल कार’ हे नावच मोठे बोलके आहे. दंडातली बेटकुळी फुगवून दाखवणारी ही मोटार. हिची युक्ती अगदी सोपी होती. मध्यम आकाराची, घरगुती वापराची गाडी घ्यावयाची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे एंजिन बसवावयाचे. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटियाक विभागाने हे प्रथम ठळकपणे केले. मध्यम गाड्यांत ३३० घन इंचांपेक्षा मोठे एंजिन घालू नये, असा खुद्द कंपनीचाच दंडक होता. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून कारकुनी पळवाट शोधली. स्वतंत्र नवी गाडी न काढता त्यांनी ‘टेम्पेस्ट’ या साध्या गाडीवरील एक वैकल्पिक सोय म्हणून ३८९ घन इंचांचे एंजिन देऊ केले आणि त्या सोयीला ‘जीटीओ’ हे नाव दिले. वरिष्ठांच्या ध्यानात येईपर्यंत मागणीचा पूर आला होता. नियमाच्या पोटात शिरून नियम मोडण्याची ही कला केवळ आपल्याच कचेऱ्यांना अवगत आहे, असा समज असणाऱ्यांनी ही कथा लक्षात ठेवावी.

त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डची मस्टँग लोकांसमोर आली. मूळ किंमत २,३६८ डॉलर. पहिल्या बारा महिन्यांतच चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्यांतील अनेकांत सहा सिलिंडरचे सौम्य एंजिन होते आणि त्या घेणाऱ्यांत शिक्षिका होत्या, टंकलेखिका होत्या, नुकताच संसार मांडलेली जोडपी होती. म्हणजे ही मोटार कोण्या धनिकाचे रविवारचे खेळणे म्हणून जन्मली नाही. ती घराच्या दारातली एकुलती एक गाडी असावयाची. तिने बाजारहाट करावयाचा, कामावर जावयाचे, आणि शनिवारी रात्री वाटलेच तर दंड थोपटावयाचे. तिला संग्रहालयात बसवणाऱ्यांना ही गोष्ट विसरावयास आवडते.

पुढची कहाणी थोडक्यात सांगता येईल. विम्याचे हप्ते चढले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधने आली. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि पेट्रोल पंपांसमोर रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. मल्ल अशक्त झाला. नावे राहिली, बळ गेले. ते परत यावयास तीस वर्षे लागली. २००५ च्या मस्टँगने जुने रूप पुन्हा धारण केले, २००८ साली डॉजची चॅलेंजर परतली, पाठोपाठ शेव्हरलेची कमारो आली. आणि मग कंपन्यांत जी चढाओढ लागली तिने साठच्या दशकालाही मागे टाकले. २०१५ च्या हेलकॅट चॅलेंजरमध्ये ७०७ अश्वशक्तीचे एंजिन होते. तिच्याबरोबर दोन किल्ल्या मिळत. काळी किल्ली लावली तर गाडी ५०० अश्वशक्तीपर्यंतच बळ देई. सगळे बळ हवे असेल तर लाल किल्ली लावावयाची. घरात वयात आलेला मुलगा असलेल्या बापाने लाल किल्ली कोठे ठेवावी, हा प्रश्न कंपनीने बापावरच सोपवला होता.

अशी गाडी रोजच्या वापरास कशी पडते? अमेरिकन माणसाचा कामावर जाण्याचा एकेरी प्रवास सरासरी २६-२७ मिनिटांचा असतो आणि बहुतेक जण तो गाडीत एकटेच बसून करतात. आठ सिलिंडरची मस्टँग शहरात लिटरला साडेसहा किलोमीटरच्या आसपास आणि मोकळ्या महामार्गावर दहा किलोमीटर चालते. वर्षाला एकोणीस हजार किलोमीटर धावणाऱ्याला सुमारे अडीच हजार लिटर पेट्रोल लागते. पेट्रोल-विजेवर चालणाऱ्या एखाद्या काटकसरी गाडीला तेवढ्याच प्रवासास हजार लिटरही लागत नाही. गॅलनला तीन डॉलर भाव धरला तर फरक वर्षाला तेराशे डॉलरांच्या आसपास जातो. तेथील नोकरदार माणूस हा भार सोसू शकतो. पण त्या जादा पेट्रोलातून हवेत जाणारा साडेतीन टनांहून अधिक कर्बवायू कोण सोसतो, याचा हिशेब त्या डॉलरांत नाही.

बाकीच्या अडचणी घरगुती स्वरूपाच्या आहेत. दोनच दारे, आणि तीही लांबलचक. अरुंद जागी गाडी लावली की माणसाला अंग चोरून बाहेर पडावे लागते. मस्टँगच्या मागच्या आसनावर प्रौढ माणूस बसू शकत नाही आणि तान्ह्या मुलाची खुर्ची बसवताना आईची कंबर धरते. २०१७ साली युरोपातील सुरक्षा-चाचणीत मस्टँगला पाचापैकी दोनच तारे मिळाले. सुधारणा केल्यावर तीन झाले. शिवाय बळ सारे मागच्या चाकांना. उन्हाळी टायर थंडीत कडक होतात, आणि मिशिगनच्या बर्फावर अशी गाडी चढावर जागच्या जागी चाके फिरवीत राहते. हिवाळी टायरांचा वेगळा संच ठेवणे हा तेथे शहाणपणाचा भाग आहे. ज्याला तो परवडत नाही तो चार महिने भीत भीत चालवतो.

आवाजाचे एक प्रकरण तर फारच बोधक आहे. पहाटे गाडी चालू केल्यावर होणाऱ्या गर्जनेमुळे फोर्डच्याच एका अभियंत्याच्या शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले. त्यातून कंपनीने २०१८ च्या मस्टँगमध्ये अशी सोय केली की ठरवून दिलेल्या वेळात एंजिन हलक्या आवाजातच चालू व्हावे. आवाज व्हावा म्हणून पैसे मोजावयाचे आणि तो होऊ नये म्हणून यंत्र बसवावयाचे!

तरीही हे मान्य केले पाहिजे की आजची ही गाडी रोजच्या वापरास जुन्या गाडीपेक्षा कितीतरी सुकर आहे. आणि खरी चिंता नेमकी येथेच सुरू होते. १९६४ च्या जीटीओला चारही चाकांना जुन्या धर्तीचे ड्रम ब्रेक होते, टायर अरुंद होते. वेग वाढला की सुकाणू थरथरे आणि ब्रेकवर विश्वास ठेवणे कठीण जाई. गाडी स्वतःच चालकाला भीती दाखवीत असे. आज ती भीती अभियंत्यांनी काढून घेतली आहे. स्वयंचलित गिअर लोण्यासारखे बदलतात. चाक घसरू लागले तर संगणक बळ आखडतो. २०१२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत तोल सांभाळणारी अशी यंत्रणा कायद्यानेच सक्तीची झाली. डॉजच्या ५.७ लिटरच्या एंजिनात तर गरज नसताना चार सिलिंडर आपोआप झोपी जात. सपाट रस्त्यावर ताशी ६० मैलांनी जावयास वीस-पंचवीस अश्वशक्ती पुरते. उरलेले साडेचारशे घोडे चालकाच्या उजव्या पावलाखाली निमूट उभे असतात. दूध आणावयास निघालेल्या माणसाला ते आहेत, याची जाणीवही होत नाही. पूर्वी संयमाचा निम्मा भाग यंत्राच्या दोषांत होता. आता तो सगळा माणसाच्या अंगी असावा लागतो.

तो तसा असतोच, असे आकडे सांगत नाहीत. विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ साली मोटारींच्या जातींनुसार चालकांच्या मृत्यूंचे प्रमाण प्रसिद्ध केले, तेव्हा सर्वांत वाईट गाड्यांत चार्जर, चॅलेंजर, कमारो आणि मस्टँग ही नावे होती. समोरच्या गाडीतील चालकाला मृत्यू आणणाऱ्यांच्या यादीतही यांतील काही होत्या. गाडीची प्रतिमा आणि तिची जाहिरात यांचाही अपघातांशी संबंध असावा, असे संस्थेने स्पष्ट म्हटले. चोरांचाही याच गाड्यांवर डोळा. २०२० ते २०२२ या वर्षांची हेलकॅट चार्जर इतर गाड्यांच्या सरासरीच्या सुमारे साठपट चोरीस गेली. रात्री अशा गाडीची काळजी वाहत झोपणाऱ्याला सकाळी तिचे सुख किती लाभत असेल कोण जाणे.

मात्र सारा राग या एकाच जातीवर काढणे अन्यायाचे होईल. जादा पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने खास कर बसवला, आणि हेलकॅटचा ग्राहक तो भरत आला. पण मालवाहू पिकअप आणि उंच बांध्याच्या कुटुंबवत्सल गाड्या त्यातून वगळल्या गेल्या. जवळपास तेवढेच पेट्रोल जाळणारा, वजनाने अधिक, नाकाने उंच असा पिकअप आज त्या देशात सर्वांत अधिक खपतो. तोही बहुधा रिकाम्या हौद्यानिशी कचेरीला जातो. त्याला कोणी दांडगट म्हणत नाही. उधळपट्टी उपयुक्ततेचा सदरा घालून आली की ती समाजाला खटकत नाही. मस्टँगवाला निदान आपली हौस ही हौस म्हणून कबूल करतो.

ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा तिचा अर्थच उलटा झाला. २०१६ साली फोर्डने आठ सिलिंडरची मस्टँग भारतात दिल्लीच्या भावाने ६५ लाख रुपयांना आणली. अमेरिकेत साधी मस्टँग आज तीस-बत्तीस हजार डॉलरांच्या घरात मिळते, आणि तेथील मध्यम कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ऐंशी हजार डॉलरांच्या आसपास आहे. शाळेतला शिक्षक ती हप्त्याने घेऊ शकतो. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर तीच मोटार अब्जाधीशाच्या ताफ्यातील वस्तू ठरली. पुढे २०२१ मध्ये फोर्डने येथील मोटारउत्पादनच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. जी गाडी कारकुनाला सामर्थ्याचा आनंद मिळावा म्हणून जन्मली, तिच्याभोवती आपल्याकडे कारकून छायाचित्र काढावयास जमतो.

तिकडेही दिवस बदलत आहेत. कॅनडातील ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून डिसेंबर २०२३ मध्ये शेवटची चॅलेंजर बाहेर पडली. कमारोचे उत्पादनही त्याच सुमारास थांबले. मस्टँग मिशिगनमधील फ्लॅट रॉकच्या कारखान्यात अजून तयार होते आणि आठ सिलिंडरांनिशी विकली जाते. डॉजने २०२४ साली विजेवर चालणारी चार्जर काढली. तिला एंजिन नाही, धूर नाही. पण गिऱ्हाईक नाराज होईल या भयाने गाडीच्या मागे पोकळ नळ्या आणि ध्वनिवर्धक बसवून आठ सिलिंडरांसारखी गर्जना तयार करण्यात आली. गिऱ्हाईक तरीही फारसे फिरकले नाही. सहा सिलिंडरच्या पेट्रोल एंजिनाची चार्जर मात्र कंपनीने आधीच जाहीर केलेली होती. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने इंधनबचतीचे प्रमाण न पाळणाऱ्या मोटार कंपन्यांचा दंडच शून्यावर आणला. त्यामुळे मोठी एंजिने बनवणाऱ्या कारखानदारांवरचा कायद्याचा धाकही आता उरलेला नाही.