जाड-बारीक अक्षरांची गोष्ट

फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीटवर सिंगल स्ट्रोक लेटरिंग आपण सगळ्यांनीच गिरवलंय. त्यात रेघेची जाडी सगळीकडे सारखी. ‘बी’ प्रकारात अक्षराच्या उंचीचा दहावा भाग, ‘ए’ प्रकारात चौदावा. म्हणजे १४ मि.मी. उंचीच्या अक्षराला १ मि.मी.ची रेघ. पाय नाहीत, शेपट्या नाहीत, नखरा नाही. अशा बिनपायाच्या इंग्रजी अक्षरांना ‘सॅन्स’ म्हणतात. टोकांना छोटे पाय असले की ‘सेरिफ’. प्रोजेक्ट रिपोर्टमधलं आपलं टाइम्स न्यू रोमन हे सेरिफ.

या दोघांच्या मधली एक जात आहे, तिच्याबद्दल आज लिहायचंय. पाय नाहीत, पण रेघ कुठे चांगली जाड तर कुठे केसासारखी बारीक. हा हाय कॉन्ट्रास्ट सॅन्स. अत्तराच्या बाटल्या, दागिन्यांच्या जाहिराती, फॅशनची मासिकं, असल्या ठिकाणी ही अक्षरं भेटतात. या घराण्यातला सगळ्यात नावाजलेला, पण स्वभावाने जरा मवाळ टाइप म्हणजे ‘ऑप्टिमा’. जर्मन अक्षरकार हरमान झाफ १९५० साली फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये गेले होते. तिथल्या थडग्यांच्या फरशांवर कोरलेली जुनी अक्षरं त्यांना भावली. जवळ कागद नव्हता, म्हणून हजार लिरांच्या नोटेवरच त्यांनी रेखाटन केलं! टाइप बाजारात यायला १९५८ उजाडलं. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या काळ्या दगडावर ५८ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, ती याच अक्षरांत.

इथपर्यंत सगळं परदेशातलं झालं. पण मला विचाराल तर आपली जुनी देवनागरी हीच मुळात हाय कॉन्ट्रास्ट सॅन्स आहे. तिला पाय कधी नव्हतेच आणि जाड-बारीकपणा तर बोरूनेच दिला. बोरूचं टोक तिरकं छाटतात, त्याला कत म्हणतात. रोमन लिपीच्या टाकापेक्षा आपली कत उलट्या बाजूला झुकलेली. त्यामुळे वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली डावीकडे येणारी रेघ जाड पडते आणि डावीकडून उजवीकडे तिरकी उतरणारी बारीक. काना आणि शिरोरेघ साधारण सारख्या जाडीचे राहतात. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचं एखादं जुनं पुस्तक लायब्ररीत मिळालं तर ‘स’ आणि ‘र’ नीट बघा. खिळे शिशाचे, पण वळण बोरूचंच.

पुढे कॉम्प्युटर आला. र. कृ. जोशींनी केलेला ‘मंगल’ विंडोज २००० बरोबर घरोघर पोचला. नंतर मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्त’ काढला, तो जवळजवळ एकाच जाडीचा. स्क्रीनवर वाचायला तो फार सुखाचा. सुंदर म्हणाल तर बोरूवालाच, यावर माझं मत ठाम आहे.

मग सगळीकडे बोरूवालाच का वापरू नये? इथे थोडं गणित करू. टाइप १० पॉइंटचा, म्हणजे साडेतीन मि.मी. समजा बारीक रेघ त्याच्या पन्नासाव्या भागाइतकी आहे. म्हणजे ०.०७ मि.मी. ६०० डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका ०.०४२ मि.मी.चा, म्हणजे रेघेच्या वाट्याला दोन ठिपकेसुद्धा पुरते येत नाहीत. ९६ डीपीआयच्या स्क्रीनवर तर पाव पिक्सेल! त्यामुळे रेघ काळी न दिसता फिकट राखाडी दिसते. त्यात आपली नोटीस म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. पहिला बळी बारीक रेघेचा.

मराठीत हे इंग्रजीपेक्षा महाग पडतं. ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यात फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. आणि ती रेघ नेमकी कतीच्या बारीक दिशेची! ती उडाली की ‘विषय’चा ‘विपय’ होतो. आपल्या श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव ‘बेलापूर’, त्याचं ‘वेलापूर’ होतं. बाबर आडनावाचा मुलगा सर्टिफिकेटवर वावर होऊन बसतो. (आपल्या ऊसपट्ट्यात वावर असणं चांगलंच, पण आडनावाच्या जागी नको.) पासपोर्टच्या वेळी किंवा नोकरीच्या ठिकाणी कागदपत्रं तपासताना असा एक ‘व’ किती हेलपाटे घालायला लावतो, ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा.

मोठ्या मापात गोष्ट उलटी. तोच टाइप ७२ पॉइंटला लावला की बारीक रेघ अर्ध्या मि.मी.ची होते आणि अक्षर खुलतं. म्हणून लग्नपत्रिकेवरची वधू-वरांची नावं, गॅदरिंगचं पोस्टर, मासिकाचं कव्हर इथे तो जरूर वापरा. पत्ता, तारीख, मेसचे दर, सीट नंबर मात्र ‘मुक्त’सारख्या सरळ अक्षरात. आणि दोन्ही ओळींत थोडी मोकळी जागा ठेवा, कारण वर रफार-मात्रा आणि खाली उकार, असा आपल्या ओळीचा संसार मोठा असतो.

जाता जाता एक फॉण्ट सुचवतो, ‘यात्रा वन’. मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी तो केलाय. गुगल फॉण्ट्सवर फुकट आहे. त्यातली इंग्रजी अक्षरंसुद्धा देवनागरीच्या कतीने काढलीत, म्हणजे जाडी नेहमीच्या इंग्रजीच्या उलट. एकदा ७२ पॉइंटला आपलं नाव दोन्ही लिप्यांत टाइप करून बघा. मग त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स अशा तीन पिढ्या काढा, हेच १० पॉइंटलाही करा, आणि दोन्ही कागद मेसच्या दारावर लावून रांगेतून वाचायला सांगा.