आजीची तक्रार आणि आकडा

आजी तक्ता नीट वाचते. डॉक्टर ६/९ दृष्टी लिहितात. पण रात्री समोरून मोटारीचा दिवा आला की तिला रस्ताच दिसेनासा होतो. असे का?

वयोमानाने डोळ्याच्या भिंगातील प्रथिनांचे पुंजके होतात व प्रकाश विखुरतो. धुळकट काचेतून दिवा पाहा, त्याभोवती वलय दिसेल. तक्त्यावरची अक्षरे काळीभोर, समोर झगझगाट नाही. म्हणून दोष लपतो.

तो मोजता येतो. अवरक्त लेसरचा बिंदू डोळ्यात टाकतात. दृष्टिपटलावरून परतलेल्या प्रकाशाचे चित्र कॅमेरा घेतो. भिंग गढूळ असेल तर बिंदू पसरतो. मध्यापासून १२ ते २० मिनिटे कोनाच्या कड्यातील प्रकाशाला मधल्या १ मिनिटातील प्रकाशाने भागले की विखुरणाचा निर्देशांक मिळतो. (६० मिनिटे म्हणजे १ अंश.)

मात्र केवळ आकड्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. डोळा कोरडा असला, पारपटलात दोष असला, तरीही प्रकाश विखुरतो. म्हणून डॉक्टर भिंग तपासतात आणि रोजच्या कामात काय अडते, हेही विचारतात. पण आजीची तक्रार मनाची नाही, प्रकाशाची आहे, याला आकडा साक्ष देतो.