युनियन बेटावरची इवलीशी पाल

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडिन्स या देशात युनियन नावाचे छोटे बेट आहे. तिथल्या चॅटम उपसागरावर उतरणाऱ्या डोंगरउतारावरचे जुने कोरडे जंगल हेच युनियन आयलंड गेकोचे एकमेव घर. जगात इतरत्र ही पाल सापडत नाही. जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीची ही पाल दगडांखाली, पालापाचोळ्यात दडून असते. अंधारात ती मळकट तपकिरी दिसते. उजेडात आली की अंगावरचे लाल, काळे, पांढरे ठिपके डोळ्यांसारखे उठून दिसतात.

हे देखणेपणच तिच्या जिवावर उठले. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची जगाला ओळख करून दिली आणि हौशी संग्राहकांसाठी तिची तस्करी सुरू झाली. चोरटे तिच्या शोधात दगड उलथवतात, कुजकी लाकडे फोडतात. त्यामुळे पकडली न गेलेल्या पालींचाही निवारा मोडतो. जंगलतोड, रस्ते, मोकाट चरणाऱ्या शेळ्या, बाहेरून आलेली मांजरे आणि उंदीर यांचा धोका वेगळाच.

२०१९ मध्ये वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. स्थानिक वनरक्षकांनी गस्त वाढवली आणि २०१८ मध्ये सुमारे दहा हजारांवर असलेली संख्या २०२२ पर्यंत अठरा हजारांच्या आसपास पोहोचली. राखण केली की जीव वाचतात, हे यातून सिद्ध झाले. तरीही ही पाल अतिसंकटग्रस्तच आहे. म्हणून रानातून पकडलेला विदेशी प्राणी हौसेखातर विकत घेऊ नका. गिऱ्हाईकच नसेल, तर तस्करीही थांबेल.