एका खोंडाचें चित्र

हॉलंड देशांतील हेग शहरीं मॉरित्सहौस नांवाच्या संग्रहालयांत एका खोंडाचें तैलचित्र आहे. पाऊलुस पॉटर या चित्रकारानें तें 1647 सालीं काढलें. त्या वेळीं त्याचें वय अवघें एकवीस-बावीस वर्षांचें होतें. चित्राची उंची पावणेआठ फूट व लांबी अकरा फुटांवर! एवढा प्रशस्त पट त्या काळीं युरोपांत राजेरजवाडे, लढाया किंवा धर्मकथा यांसाठींच योजीत. पॉटरनें तो शेतकऱ्याच्या जनावरास दिला.

मध्यभागीं खोंड उभा आहे. शेजारीं बसलेली गाय, एडका, मेंढी आणि कोंकरूं; झाडाआडून गुराखी निवांतपणें पाहत आहे. आकाशांत चंडोल, पुढें गवतांत बेडूक, दूरवर सखल कुरणांत चरणारीं गुरें व राइसवाइक गांवच्या ख्रिस्ती देवळाचा मनोरा. अंगावरच्या माशा आणि शेणसुद्धां त्यानें वगळलें नाहीं. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत चित्रांतील भ्रमरास खरा समजून दुष्यंत त्यास दटावतो, हें वाचकांस स्मरत असेलच. तेथें तो विरहाचा भ्रम होता. येथें छापील प्रतींतही माशी हांकलण्यास हात पुढें होतो तो केवळ कुंचल्याच्या बळानें.

जाणत्यांनीं दोष काढलाच आहे कीं, या खोंडाचे अवयव एका वयाचे नाहींत. निरनिराळ्या जनावरांवरून टिपणें करून तो घडविलेला आहे. पटही मागाहून दोन्ही बाजूंस व वर जोडून वाढविला. आमच्या मतें यांत उणें कांहींच नाहीं. यथातथ्य म्हणजे नक्कल नव्हे. फ्रेंच सैन्यानें 1795 सालीं चित्र पॅरिसला नेलें, तें 1815 सालीं परत आलें. शत्रूनेंही लुटून न्यावा असा खोंड! पॉटर मात्र 1654 सालीं, तिशीच्या आंतच, निवर्तला.

आमच्या घरांतून तसबिरींत बैल येतो तो नंदी म्हणून. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 सालीं मुंबईस निघाला व पुढें मळवलीस गेला; त्याच्या चित्रांनीं देव घरोघर पोंचविले. नांगराचा बैल मात्र भिंतीवर क्वचितच चढला.

येथें वांगणीस, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, भाताच्या चिखलणीस पूर्वीं बैलांची वा रेड्यांची जोडी लागे. आतां यंत्राचा नांगर आला, शेतांच्या जागीं इमारती उठल्या, आणि लोकल गाडीनें शाळेस जाणाऱ्या मुलांस बैल भेटतो तो पोळ्याचा, मातीचा. पॉटरच्या खोंडास वशिंड नाहीं. तिकडच्या गुरांच्या जातीसच तें नसतें. आपल्या बैलाचें वशिंड, शिंगांचा बांक, जोखडानें खांद्यावर पडलेला घट्टा, हें सारें कागदावर उतरवून ठेवणें असेल तर बैल उरले आहेत तोंवरच तें साधेल. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांस बसणाऱ्या मुलामुलींनीं एखाद्या रविवारीं वही घेऊन गोठ्यांत तासभर बसावें, असें आम्ही त्यांच्या आईबापांस सुचवितों. माशा वगळूं नयेत.